अठरा अंशांवरून: स्टार ट्रॅकर सात महिने वापरल्यावर

स्टार ट्रॅकर म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारं छोटं यंत्र. ते घेण्याआधी मी जेवढं वाचलं आणि पाहिलं, ते जवळजवळ सगळं चाळीस-पन्नास अंश अक्षांशावर राहणाऱ्या माणसांचं होतं. पुणं साडेअठरा अंशांवर आहे. एवढ्या फरकाने काय काय बदलतं ते कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. मला ते एकेका रात्रीत कळत गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी सामान सांगते. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि सॅमयांगची १३५ मिमी एफ/२ लेन्स माझ्याकडे आधीपासून होती. ट्रॅकर वापरलेला घेतला, काउंटरवेट (कॅमेऱ्याचा तोल साधणारं वजन) आणि वेज (ट्रॅकर हवा तसा कलता धरणारा तळ) धरून ३१,००० रुपयांना. ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत २३ रात्री ठरवल्या, त्यातल्या १४ रात्री आकाश खरोखर मोकळं मिळालं. जागा बहुतेक वेळा एकच: वेल्हे भागात मैत्रिणीच्या मामांचं शेत. मॉडेलचं नाव देत नाही, कारण आमच्या गटात याच वर्गातले तीन वेगवेगळे ट्रॅकर आहेत आणि खालचं जवळजवळ सगळं तिन्हींना लागू पडतं.

ट्रॅकर लागतोच कशाला? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १३५ मिमीवर माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ६ विकलांचा आहे. मृगाचा पट्टा, म्हणजे बाणाचे तीन तारे, खगोलीय विषुववृत्तावरच, जिथे तारे सगळ्यात वेगाने सरकतात तिथे, असल्यामुळे तिथला तारा अर्ध्या सेकंदाच्या आत पिक्सेल ओलांडतो. आधीच्या हिवाळ्यात मी साध्या ट्रायपॉडवरून मृगातल्या तेजोमेघाचे दोन-दोन सेकंदांचे ९०० फोटो काढून एकत्र केले होते. मधला उजळ भाग आला, बाकी सगळी खरखर. आता ९० सेकंदांचे ८० फोटो घेते, म्हणजे पूर्ण दोन तासांचा प्रकाश. या दोन चित्रांत इतका फरक आहे की जुनं चित्र मी आता कुणाला दाखवत नाही.

आता ध्रुवाबद्दल. ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवबिंदूकडे, म्हणजे ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं त्या बिंदूकडे, रोखावा लागतो आणि यंत्राची सगळी कामगिरी या एका जुळणीवर उभी असते. ध्रुवतारा त्या बिंदूवर नेमका नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. त्यामुळे तो पोलर स्कोपमधल्या (ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर त्या वेळेच्या जागी बसवायचा. मोबाइलवरचं अ‍ॅप ती जागा दाखवतं. इथवर जगभर सारखंच. पण पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. तिथला प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवेतून येतो. थंडीत दरीत धुकं साचलं की सगळं आकाश लखलखत असताना नेमका ध्रुव दिसत नाही. पहिल्या रात्री तर तो बांधावरच्या आंब्याच्या मागेच होता. दीड तास सामान इकडून तिकडे हलवत काढला. म्हणून जागा निवडताना लोक आधी दक्षिण आणि पूर्व बघतात, पण तुम्ही आधी उत्तर बघा. दिवसा जा, होकायंत्र धरा, हात लांब करून मूठ आडवी धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेला झाड किंवा डोंगराची सोंड दोन मुठींपर्यंत पोचत असेल तर ती जागा ट्रॅकरसाठी उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट कुठल्याही व्हिडिओत दिसणार नाही. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा होतो, त्यामुळे काउंटरवेटचा दांडा खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतो. परदेशी माणसं स्थैर्यासाठी एक पाय उत्तरेला ठेवा म्हणतात. डिसेंबरच्या एका रात्री मी तसंच केलं, तर रात्री दोनच्या सुमारास वजन पायाला टेकलं, मोटर फिरत राहिली आणि क्लच घसरला. सव्वा तासाचे फोटो वाया गेले. तेव्हापासून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवते, वजन त्या दोन पायांच्या मधून फिरतं. मात्र सगळा भार उत्तरेकडे झुकतो, म्हणून मधल्या हुकाला दगडांची पिशवी बांधते. ट्रायपॉडच्या बाबतीत काटकसर करू नका. हलका ट्रायपॉड आणि महाग ट्रॅकर या जोडीने काहीच साधत नाही.

एक तक्रारही आहे. माझ्या वेजच्या आडव्या दिशेच्या स्क्रूला खेळ आहे. ध्रुव नेमका बसवून स्क्रू आवळला की तो जागचा हलतो. ज्याच्याकडून घेतला त्याला तीन वेळा कळवलं, उत्तर आलं नाही. शेवटी घराजवळच्या लेथवाल्याकडून पितळी वॉशर करून घेतला आणि खेळ बराच कमी झाला. वापरलेला ट्रॅकर घेताना प्रत्येक स्क्रू आवळून-सोडून पाहा, पोलर स्कोपमधून लांबचा दिवा बघत. मी हे केलं नव्हतं.

ट्रॅकिंग किती टिकतं? १३५ मिमीवर ९० सेकंदांत दहापैकी नऊ फोटोंत तारे गोल येतात. दोन मिनिटांना सहा-सात. तीन मिनिटांना निम्मे टाकावे लागतात, कारण आतल्या गिअरची चूक ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येते. ५० मिमीवर चार मिनिटंही निवांत जातात. एफ/२ लेन्सला अंधाऱ्या जागीसुद्धा ९० सेकंद पुरतात, म्हणून मला ऑटोगायडरची (ट्रॅकिंगची चूक आपोआप सुधारणाऱ्या जोड कॅमेऱ्याची) गरज भासलेली नाही. लेन्स मी एफ/२.८ वर ठेवते, कोपऱ्यांतले तारे नेटके येतात.

साध्या, न उघडलेल्या (म्हणजे सेन्सरपुढचा फिल्टर न काढलेल्या) कॅमेऱ्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. बहुतेक तेजोमेघ लाल दिसतात ते हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशामुळे. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर नेमका त्यातला बराचसा भाग अडवतो. त्यामुळे शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ मला फिकट गुलाबी डागासारखा मिळाला. मृगातल्या अश्वमुख या काळ्या तेजोमेघाच्या मागचा लाल पडदा दोन तासांनंतर कुठे उमटू लागला. उलट कृत्तिकांनी पहिल्याच प्रयत्नात चकित केलं. तिथलं निळं वलय म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचाच प्रकाश, आणि निळ्याला फिल्टरची आडकाठी नाही. साध्या कॅमेऱ्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली रात्र कृत्तिकांनाच द्यावी. देवयानी दीर्घिकाही तशीच उदार आहे. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या उजेडात धुळीचे पट्टे स्वतःच्या कॅमेऱ्यात दिसले त्या रात्री मी बराच वेळ पुढचं काही केलंच नाही.

पण या लेन्सवर मृगासारखं दुसरं काही नाही. १३५ मिमीच्या चौकटीत साधारण १० अंश बाय साडेसहा अंश मावतात, म्हणजे बाणाचे तिन्ही तारे, अश्वमुख, शेजारचा ज्वाला तेजोमेघ आणि खालचा मोठा तेजोमेघ, सगळं एकत्र. मोठ्या तेजोमेघाचा गाभा ९० सेकंदांत पांढरा जळून जातो, म्हणून ५ सेकंदांचे तीसेक फोटो वेगळे घेऊन मग मिसळते. इथेही अक्षांशाची एक गंमत आहे. भूस्थिर उपग्रह आपल्याला विषुववृत्तापासून साधारण तीन अंश दक्षिणेला दिसतात, म्हणजे बाण आणि तेजोमेघ यांच्या मधल्या पट्ट्यात. ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरतो आणि ते मात्र जागेवरच असतात, म्हणून ९० सेकंदांत प्रत्येकाची चंद्रबिंबाहून थोडी आखूड अशी सरळ रेघ उमटते. सुरुवातीला मला वाटलं ट्रॅकरच हिसके देतोय. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकत्र (स्टॅक) करताना सिग्मा क्लिपिंग लावलं, म्हणजे एखाद्याच फोटोत आलेलं वेगळं काही गाळायला सांगितलं, की त्या रेघा निघून जातात. सिरिल फुकट आहे आणि मला पुरेसं आहे.

जानेवारीत मामा रात्री पाण्याची पाळी संपवून आले आणि थांबले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकच फोटो दाखवला. त्यांनी आधी वर पाहिलं, मग पडद्यावर, मग पुन्हा वर. "तिकांड्याखाली येवढं असतंय व्हय? आन् आमी निस्तं टाईम बघायला वापरतोय त्येला." त्यांच्या वडिलांच्या वेळी घड्याळ नव्हतं. तिकांडं, म्हणजे मृगाचा बाणच, किती कललं त्यावरून रात्रीच्या मोटेची वेळ ठरायची. मग त्यांनीच मला विहिरीपलीकडची उत्तर मोकळी असलेली जागा दाखवली. आता सामान तिथेच लावते.

दहिवराबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते जानेवारी मध्यरात्रीनंतर लेन्स हमखास ओली होते. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा ट्रॅकरबरोबरच घ्या, नंतर नाही. आणि फोकस रात्रीतून एकदा तरी पुन्हा तपासा. संध्याकाळी बाहतिनोव मास्क (फोकस नेमका जुळला की नाही ते दाखवणारी जाळी) लावून केलेला फोकस पहाटे तीनला तोच राहत नाही.

शहरातून? कोथरूडच्या गच्चीवरून सहा वेळा प्रयत्न केला. मृगाचा तेजोमेघ येतो, कृत्तिकांचे तारे येतात, निळं वलय येत नाही. जुने सोडियमचे दिवे ठरावीक रंगांत उजळायचे, ते फिल्टरने बरेचसे गाळता यायचे. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत पसरतो, त्याला गाळणी नाही. गच्ची ध्रुव बसवायच्या सरावासाठी उत्तम आहे, तेवढ्यासाठीच मी ती वापरते. महिन्यातून एकदा तरी अमावस्येच्या आसपास शहराबाहेर जाणं जमणार नसेल तर माझ्या मते हे पैसे खर्च करू नयेत. गाडी नसेल तर एखाद्या गटाबरोबर जा. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री आहेत. विदर्भातल्यांना तर पेंच जवळ आहे, २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला.

आणि अक्षांशाने घेतलेलं अक्षांशच परत देतो, ते उन्हाळ्यात. पन्नास अंशांवरच्या माणसाला धनु राशीतला लगून तेजोमेघ क्षितिजावर पंधरा-सोळा अंश दिसतो. आपल्याकडे तो ४७ अंशांवर चढतो. वृश्चिकाचा पूर्ण आकडा, ज्येष्ठेभोवतीची पिवळी-निळी धूळ, सगळं उंच, स्वच्छ हवेत. मे महिन्यातल्या शेवटच्या रात्री ढग येतील की नाही याची खात्री नव्हती, तरी गेले. दीडपर्यंत पश्चिमेकडून पांढरे पुंजके येत राहिले. मग दोन ते साडेतीन आकाश उघडलं. लगून आणि त्याच्या शेजारचा ट्रिफिड तेजोमेघ एका चौकटीत, ९० सेकंदांचे ५२ फोटो. त्रेपन्नाव्यात ढग. लगून इतका उजळ आहे की न उघडलेल्या कॅमेऱ्यातही गडद गुलाबी आला, आणि ट्रिफिडच्या वरच्या बाजूचं निळं त्याच्याशेजारी स्पष्ट वेगळं दिसतंय.

आता ट्रॅकर आणि लेन्स सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात आहेत. ट्रॅकरमधले सेल काढून ठेवलेत आणि जेल दर पंधरवड्याला तव्यावर गरम करून कोरडं करते, नाहीतर चार महिन्यांच्या पावसात काचेला बुरशी धरते. सेन्सरपुढचा फिल्टर काढून घ्यायचा की नाही, ते पावसाळ्यात ठरवणार आहे. रोझेटसाठी मन तिकडे ओढ घेतंय.