दांडिया बाजारातील परामानसशास्त्राचा परिचयवर्ग : सहा रविवारांनंतरचा अभिप्राय

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, मानसशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक परामानसशास्त्राचा सहा रविवारांचा परिचयवर्ग चालवतात. वेळ सकाळी दहा ते साडेबारा, शुल्क अठराशे रुपये आणि शिकवण्याची भाषा मराठी. मधूनमधून गुजराती येते, पण ती वडोदऱ्यात यायचीच. आमच्या तुकडीत चौदा जण होते. मी या वर्गाला जाते असे कळल्यापासून ओळखीतल्या निदान पाच जणांनी ‘तिथे भुते बोलावतात का?’ असे विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. भुते बोलावत नाहीत. टेलिपथी, पूर्वाभास, पुनर्जन्माच्या आठवणी, प्लँचेट यांच्याबद्दल गेल्या दीडशे वर्षांत कोणी काय तपासले आणि त्यातून काय हाती लागले, हे तिथे शिकवतात.

पहिला रविवार संपूर्णपणे ऐकण्याचा होता. प्रत्येकाने आपण या विषयाकडे कसे वळलो ते सांगायचे, कोणी मध्ये बोलायचे नाही, अर्थ लावायचा नाही, आणि सांगून झाल्यावर तोच मजकूर एका जाड कार्डावर लिहून सरांकडे द्यायचा, असा नियम होता. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ही पद्धत आधी वेळकाढूपणाची वाटली. दुपारी घरी जाताना मात्र माझे मत बदलले होते, कारण चौदापैकी अकरा जणांची सुरुवात घरातल्या एखाद्या प्रसंगापासून झाली होती, आणि केवळ तो प्रसंग ऐकून हा माणूस पुढे श्रद्धाळू झाला की संशयवादी, हे मला ओळखता येत नव्हते. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेने सांगितले की अमुक खाटेवरचा रुग्ण आज जाणार हे तिला आधी कळते. ती ठाम विश्वास ठेवणारी. एका निवृत्त अभियंत्यांच्या घरी, पत्नी गेल्यानंतर सलग तीन रात्री, दारेखिडक्या बंद असताना मोगऱ्याचा वास आला. हे गृहस्थ पक्के संशयवादी आहेत आणि अजूनही तसेच आहेत. ‘वास आला हे खरे, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही हेही खरे,’ असे ते म्हणाले, आणि खाली बसले. त्या वाक्याइतके नेटके वाक्य पुढच्या पाच रविवारांत सरांच्याही तोंडून मी ऐकले नाही.

दुसऱ्या रविवारी सरांनी याच दृष्टीने काही नामवंतांची ओळख करून दिली, आणि शिकवण्याच्या दृष्टीने तो तास सर्वांत उत्तम झाला. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले जे. बी. ऱ्हाइन आणि त्यांच्या पत्नी लुइझा या विषयाकडे वळले त्याला १९२२ मध्ये ऐकलेले शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांचे मृतात्म्यांशी संपर्काबद्दलचे व्याख्यान बऱ्याच अंशी कारणीभूत होते. पण १९२६ मध्ये बॉस्टनच्या ‘मार्जरी’ या गाजलेल्या माध्यमाच्या, म्हणजे मृतांशी बोलणे करून देते म्हणवणाऱ्या बाईंच्या, बैठकीला बसल्यावर त्यांना तिथे हातचलाखी दिसली, आणि अंधाऱ्या खोलीतल्या बैठकांवरचा त्यांचा विश्वास उडाला. विषय मात्र त्यांनी सोडला नाही. ते ड्यूक विद्यापीठात गेले आणि पत्ते मोजू लागले. याच्या नेमका उलटा प्रवास सुझन ब्लॅकमोर यांचा. ऑक्सफर्डमध्ये शिकताना १९७० मध्ये त्यांना आपण देहाबाहेर गेल्याचा विलक्षण अनुभव आला, तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी परामानसशास्त्रातच डॉक्टरेट केली, वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि हाती काही लागत नाही असे पाहून त्या संशयवादी झाल्या. अनुभव आला हे त्यांनी कधी नाकारले नाही. तिसरे रे हायमन. हे तरुणपणी हात पाहून भविष्य सांगत आणि आपली विद्या खरी आहे असे मनापासून मानत. एका जादूगार मित्राच्या सूचनेवरून त्यांनी हातावरच्या रेषा सांगतात त्याच्या बरोबर उलटे सांगून पाहिले, तरी ऐकणारे तितक्याच खात्रीने ‘अगदी बरोबर’ म्हणाले. हायमन पुढे या क्षेत्राचे सर्वांत जाणते टीकाकार झाले.

आणि मग सरांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवले. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचे धाकटे बंधू बारीन यांनी इथेच प्लँचेट आणि स्वयंलेखनाचे (आपण न ठरवता हात आपोआप लिहू लागतो त्याचे) प्रयोग केले आणि अरविंदांनीही ते करून पाहिले. सुरत काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते तीन दिवस ध्यानाला बसले तेही याच शहरात. गूढाचा अनुभव मान्य असलेल्या अरविंदांनी स्वयंलेखनाबद्दल मात्र फार सावध निष्कर्ष काढला होता: काही वेळा दुसऱ्या पातळीवरून काही येत असावे, पण बहुतेक मजकूर आपल्याच अबोध मनातल्या नाटक रचणाऱ्या भागाचा असतो. एकाच माणसात दोन्ही बाजू इतक्या शांतपणे नांदताना पाहून आमच्यातले दोन्ही गट थोडे अस्वस्थ झाले, असे मला वाटले.

तिसऱ्या रविवारचे पत्ते सरांनी घरीच केलेले होते, पोस्टकार्डाच्या कागदाचे: वर्तुळ, अधिकचे चिन्ह, नागमोडी रेषा, चौकोन आणि तारा, प्रत्येकी पाच, एकूण पंचवीस. कार्ल झेनर यांनी सुचवलेल्या आणि ऱ्हाइन यांनी प्रसिद्ध केलेल्या संचाची ती नक्कल होती. पत्ता न पाहता त्यावरचे चिन्ह ओळखायचे. केवळ अंदाजाने सांगितले तर सरासरी पाच उत्तरे बरोबर यावीत. पहिल्या फेरीत माझी नऊ बरोबर आली. वर्गात कुजबुज झाली, परिचारिकेने माझा हात धरला, आणि खरे सांगायचे तर मलाही क्षणभर छातीत धडधडल्यासारखे झाले. मग फळ्यावर आकडेमोड झाली. नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता एका माणसासाठी वीसांत एक, पण चौदा माणसे बसली असतील तर त्यांतल्या निदान एकाला ती येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. पुढच्या तीन फेऱ्यांत मला तीन, पाच आणि चार मिळाले. शंभर पत्त्यांत एकवीस. जो हिशेब मी मुलींना तीस वर्षे शिकवला तो नऊचा आकडा माझ्या वाट्याला आल्याबरोबर मला आठवला नव्हता, हे मी इथे कबूल करते.

चौथ्या रविवारबद्दल जास्त लिहावे लागेल, कारण मी त्या वर्गाला गेले ती त्याच विषयासाठी. मी अकरा वर्षांची असताना रावपुऱ्यातल्या आमच्या घरी आजी प्लँचेट करत असे. पाटावर खडूने गोलाकार अक्षरे काढायची, मधोमध चांदीची वाटी उपडी ठेवायची, तिघांनी बोट टेकवायचे आणि उदबत्ती लावायची. एका अमावस्येला वाटीने माझ्या जन्माआधी वारलेल्या काकांचे लाडाचे नाव लिहिले, जे मी त्यापूर्वी कधीही ऐकले नव्हते. पहिल्या रविवारी कार्डावर मी हेच लिहून दिले होते.

सरांनी आधी मायकेल फॅरेडे यांचा १८५३ मधला प्रयोग समजावला. त्या काळी लोक टेबलाभोवती बसत, हात ठेवत आणि टेबल आपोआप सरकले म्हणत. फॅरेडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. वरचे थर खालच्यांपेक्षा पुढे गेलेले आढळले, म्हणजे हात टेबलाला ढकलत होते, टेबल हातांना नेत नव्हते. हाताची हालचाल दाखवणारा काटा बसणाऱ्यांच्या समोर ठेवला की टेबल हलेनासेच होई. लबाडी कोणीच करत नव्हते. अपेक्षेने स्नायू हलतात आणि हलवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मग पाट आला. अक्षरे, वाटी, तीन बोटे. त्यांत एक माझे. उघड्या डोळ्यांनी वाटीने ‘सुरसागर’ हा शब्द सफाईने लिहिला, आणि वाटी मी ढकलत नाही, हे मी शपथेवर सांगितले असते. नंतर आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि आम्हाला न सांगता पाट अर्धा फिरवला. वाटी तितक्याच आत्मविश्वासाने, जराही न अडखळता सरकत राहिली. पट्टी काढल्यावर सरांच्या मदतनिसाने टिपलेला कागद पाहिला तर त्यावर सगळी निरर्थक अक्षरे होती. पाट फिरवण्यापूर्वी अक्षर जिथे होते, तिथेच वाटी प्रत्येक वेळी जाऊन थांबली होती. अक्षरे कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक असेल तरच ‘आत्म्या’ला लिहिता येत होते. काकांचे लाडाचे नाव त्या अमावस्येला खोलीत मला एकटीलाच माहीत नव्हते. आजीचे बोट वाटीवर होते. आजीने फसवले, असे मला त्या दिवशीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

आता उणिवा. पाचव्या रविवारी बाहेरचे एक ‘ऊर्जा-उपचारक’ पाहुणे म्हणून आले, त्यांनी तासभर स्वतःची जाहिरात केली आणि जाताना सवलतीच्या दराची पत्रके वाटली. सर गप्प राहिले. इतरांना प्रत्येक विधानाचा आधार विचारणाऱ्या माणसाने आपल्याच वर्गात हे चालू द्यावे, याचा मला राग आला आणि मी तो त्यांना बोलूनही दाखवला. दुसरी तक्रार पुनर्जन्माच्या भागाची आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी भारतातल्या लहान मुलांच्या कितीतरी हकिकती जागेवर जाऊन नोंदवल्या. नागपूरच्या एका मराठी बाई १९७४ पासून मधूनमधून स्वतःला जुन्या काळातली बंगाली स्त्री समजून बंगालीत बोलू लागल्या, तेही प्रकरण त्यांनी आणि भारतीय संशोधकांनी तपासले. त्या बाईंनी पूर्वी बंगाली वाचनाचे थोडे धडे घेतले होते, हेही संशोधकांनीच नोंदवून ठेवले आहे. मराठी वर्गाला याहून जवळचा आणि वाद घालण्याजोगा विषय कोणता? त्याला मिळाली जेमतेम दहा मिनिटे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या ज्योतिषाच्या चाचणीचा, जिच्यात सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन हुशार आणि मतिमंद मुले ओळखायला सांगितली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सेहेचाळीस टक्क्यांच्या आसपास आले, नुसता उल्लेख झाला. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. मधल्या सुटीतली खालच्या गाडीवरची सेव-उसळ चांगली आहे, पण शुल्कात धरलेली नाही.

अठराशे रुपयांना हा वर्ग महाग नाही, आणि श्रद्धाळू व संशयवादी अशा दोघांनीही जावे असे मी सुचवेन. शक्यतो जोडीने जावे. एक अपवाद मात्र ठेवते. आमच्या तुकडीत तीन महिन्यांपूर्वीच मुलगा गमावलेल्या एक बाई होत्या. त्यांना त्याच्याशी बोलायचे होते, पत्ते मोजायचे नव्हते, आणि चौथ्या रविवारी पाट फिरवल्यानंतर त्या उठून जिना उतरून गेल्या. मागोमाग अभियंते उतरले आणि तो तास संपेपर्यंत दोघेही परत आले नाहीत. सरांनी बाईंचे पूर्ण शुल्क परत केले आणि त्यांचे कार्ड न वाचता पाकिटात घालून त्यांच्या घरी पोचवले, असे नंतर कळले. दुःख इतके ताजे असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी सरांशी एकदा फोनवर बोलून घ्यावे. ते स्वतःच ‘सध्या नको’ म्हणून सांगतात, पण विचारले तरच.