सॅक, ट्रॉली की चेक-इन? ठाण्याहून कामासाठी विमानाने जाणाऱ्यांसाठी तुलना

परतीचं विमान किती वाजता उतरतं? कामाच्या प्रवासाला कुठली बॅग न्यावी असं कुणी विचारलं की मी आधी हा उलटा प्रश्न विचारते. किती दिवस, किती कपडे, हे नंतर. मी राहते नौपाड्यात, ऑफिस महापेला, आणि काम औषध कंपन्यांच्या प्लांटचं ऑडिट. महिन्यातून दोन-तीनदा हैदराबाद, अहमदाबाद, कधी हिमाचलातल्या बद्दीसाठी चंदीगड. बहुतेक वेळा दोन रात्री, फार तर तीन. सॅक, चार चाकांची केबिन ट्रॉली आणि मोठी बॅग चेक-इन करणं, हे तिन्ही मी बऱ्यापैकी वापरलं आहे. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली: विमानतळाच्या आत तिन्ही निभावतात. खरा फरक पडतो तो घर ते विमानतळ आणि विमानतळ ते घर या रस्त्यावर.

आधी वजन

देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेला ७ किलो आणि साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. शिवाय लॅपटॉपची बॅग किंवा पर्स असं एक छोटं सामान वेगळं चालतं. ७ किलो ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्यात बॅगेचं स्वतःचं वजनही आलं. सामान तोलायचा हाती धरायचा छोटा काटा मी घरी ठेवलाय. त्यावर माझी ३५ लिटरची सॅक रिकामी १.१ किलो भरते आणि कडक कवचाची ट्रॉली २.८ किलो. म्हणजे एक रुमाल भरायच्या आधीच ट्रॉलीने सॅकपेक्षा पावणेदोन किलो जास्त खाल्लेले असतात.

दोन रात्रींचं माझं सामान सांगते. लॅपटॉप दीड किलो, त्याचा चार्जर साडेतीनशे ग्रॅम, कपडे मिळून १.४ किलो, टूथपेस्ट-साबण-कंगव्याची पिशवी ४०० ग्रॅम, ऑडिटचे कागद आणि वही ६०० ग्रॅम, छत्री आणि पाण्याची बाटली साडेपाचशे. सॅकसकट बेरीज ५.९ किलो. हेच सगळं ट्रॉलीत घातलं तर ७.६. काउंटरवर कुणी तोललं तर लॅपटॉप बाहेर काढून खांद्याला लावावा लागणार, म्हणजे एकाच्या दोन बॅगा झाल्या. एका हातात ट्रॉली, खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात फोन आणि ओळखपत्र. दोन बॅगा झाल्या की चाल निम्म्यावर येते.

कपड्यांत वजन वाचतं ते कापडामुळे. कॉटनचे आणि लिननचे कुर्ते कितीही नीट घडी केले तरी बॅगेतून चुरगळूनच निघतात. मग हॉटेलात इस्त्री मागवा, तिची वाट बघा. सिंथेटिक धाग्याचं मिश्रण असलेले दोन कुर्ते आणि एकच गडद पँट, एवढ्यात तीन दिवस निघतात. सुरळी केली तर जागा कमी लागते. कॉलरवाले शर्ट मात्र घडीच करावेत, सुरळीत कॉलर मोडते.

माझ्या वजनाच्या हिशोबात एक वस्तू मुद्दाम धरलेली नाही: सेफ्टी शूज. ते पुढे येतात.

घर ते विमानतळ

पहाटेचं विमान असेल तर हा मुद्दा सोडून द्या. पहाटे चारला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा असतो, टॅक्सीची डिकी रिकामी असते, तुम्ही दारात बसता आणि टर्मिनलच्या दारात उतरता. ट्रॉली घ्या, खुशाल घ्या. महापेच्या ऑफिसातून थेट निघायचं असेल आणि विमान नवी मुंबईहून असेल तरी तेच. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि ऐरोली-महापे-कोपरखैरणे पट्ट्यातल्या माणसाला उलव्याकडे टॅक्सीने जाणं सोयीचं पडतं. उड्डाणांची निवड मात्र अजून मुंबईला जास्त, त्यामुळे वेळ जुळत नसेल तर पुन्हा सहारचा मुंबई विमानतळच गाठावा लागतो.

दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तर चित्र पालटतं. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून ठाणेकरांना टर्मिनल दोनला जायला रुळांवरचा रस्ता मिळाला आहे. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने चौथं स्थानक मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ धरली की पुढचंच स्थानक विमानतळ टर्मिनल दोन. टर्मिनल एकला जायचं तर आणखी दोन स्थानकं पुढे. साकीनाक्याच्या सिग्नलवर टॅक्सीत मीटरकडे बघत बसण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी भरवशाचा वाटतो. पण वाटेत काय काय आहे तेही बघा. ठाणे स्टेशनचा पूल, लोकलचा दरवाजा, घाटकोपरचा जिना, मेट्रोत बॅग एक्स-रेमधून घालणं, मरोळ नाक्याला वरच्या स्थानकातून खाली भुयारात, मग पुन्हा सरकते जिने चढून वर. सरकता जिना बंद असला किंवा त्यावर गर्दी असली की साधा जिना.

या वाटेवर सॅक आणि ट्रॉलीची तुलनाच होऊ शकत नाही. सॅकमुळे दोन्ही हात मोकळे राहतात, लोकलमध्ये ती पोटाशी घेऊन उभं राहता येतं. ट्रॉली लोकलमध्ये चढवताना एक हात तिच्यात अडकतो, दुसऱ्याने दांडा धरायचा, मागून रेटा येत असतो.

आता परतीकडे या. कामाचे प्रवास बहुतेक वेळा पहाटे सुरू होतात आणि संध्याकाळी संपतात. जाताना टॅक्सी म्हणून आपण ट्रॉली घेतो, आणि येताना संध्याकाळी सातला तीच ट्रॉली घेऊन घाटकोपरच्या फलाटावर उभे असतो. दीड वर्षापूर्वी हैदराबादहून येताना घाटकोपरच्या जिन्यावर माझ्या ट्रॉलीचं एक चाक पायरीच्या कडेच्या लोखंडी पट्टीत अडकलं आणि ओढताना मुळासकट निघालं. लेडीज डब्यात दोन गाड्या सोडल्या, तिसऱ्या गाडीत चढताना एका बाईंनी खालून बॅग उचलून आत ढकलली. ठाण्याला उतरून नौपाड्यापर्यंत ती तीन चाकांवर वाकडी घासत नेली. त्या रात्री ठरवलं, परतीचं विमान संध्याकाळी चार ते रात्री नऊच्या दरम्यान उतरणार असेल तर ट्रॉली घरी.

गाडीच्या बाबतीत एक सूचना. घाटकोपरहून कर्जत-कसाऱ्याच्या फास्टच्या मागे लागू नका, ठाणे स्लो घ्या. दहा मिनिटं जास्त जातात, पण बॅगेसकट माणूस आत शिरतो आणि उतरताना धक्के कमी खातो.

विमानतळाच्या आत

इथे सॅक आणि ट्रॉलीत फारसं अंतर नाही. अंतर आहे ते बॅग चेक-इन न करणाऱ्यात आणि करणाऱ्यात.

सामान सोबतच ठेवलंत तर घरूनच वेब चेक-इन होतं आणि काउंटरशी संबंधच उरत नाही. त्यात डिजीयात्रा जोडा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी ॲपवरची सोय. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला ती सुरू झाली, पुढे मुंबई, पुणे, हैदराबाद, अहमदाबादलाही आली. आधार जोडून एकदा नोंदणी करायची आणि दर प्रवासाआधी बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा. हे दाराशी उभं राहून करायचं नाही, आदल्या रात्री करायचं. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर अडकतं. लग्नानंतर एकीकडे नाव बदललेल्या बायकांनी हे आधी तपासावं. डिजीयात्रा फक्त देशांतर्गत प्रवासाला चालते. परदेशी वारंवार जाणाऱ्यांसाठी इमिग्रेशनची वेगळी फास्ट ट्रॅक नोंदणी आहे, ती जानेवारी २०२५ पासून मुंबईलाही मिळते.

सुरक्षा तपासणीत वेळ जातो तो रांगेपेक्षा ट्रेपाशी. माझ्या सॅकला वरच्या बाजूला एक उथळ कप्पा आहे. लॅपटॉप, पॉवर बँक आणि चार्जर त्यातच, दुसरं काही नाही. चेन एकदा ओढली की तिन्ही ट्रेमध्ये. वायरींचा गुंता कपड्यांच्या मध्ये खुपसला असेल तर स्कॅनरवर तो गोळा दिसतो, बॅग बाजूला जाते आणि मग सगळं उलगडून दाखवावं लागतं. काडेपेटी, लायटर चालत नाही. पावसाळ्यात ओली छत्री बॅगेच्या बाहेरच्या जाळीत ठेवा, कागद तरी कोरडे राहतील.

ट्रॉलीची एक अडचण विमानाच्या दाराशी येते. शेवटच्या गटात चढलात आणि वरचे कप्पे भरले असतील तर कर्मचारी तिला टॅग लावून पोटात पाठवतात. एटीआरसारख्या छोट्या विमानात कप्पे मुळातच बुटके, तिथे हे नेहमीचं. असं झालं तर पॉवर बँक आणि लॅपटॉप आधी बाहेर काढा. पॉवर बँक पोटातल्या सामानात नेताच येत नाही, ती केबिनमध्येच. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, नेहमीची २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते. सॅक मात्र समोरच्या सीटखाली सरकते, तिला कुणी टॅग लावत नाही.

चेक-इन कुणाला सोयीचं

मी चेक-इनच्या विरोधात नाही. प्लांटवर जाणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरला दुसरा मार्गच नसतो: पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनीही हट्टाने सॅक घेऊ नये. फक्त वेळेचा हिशोब मनाशी मांडावा. देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. या दोहोंतली अर्ध्या तासाहून जास्त सवड हातच्या सामानवाल्याकडे राहते, बॅग देणाऱ्याकडे राहत नाही. पावसाळ्यात घोडबंदर रोड तुंबला की तीच सवड विमान वाचवते. उतरल्यावर बेल्टचा वेळ आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने कंपन्यांना सांगितलं की इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत बेल्टवर आलीच पाहिजे. म्हणजे सगळं नियमाने झालं तरी अर्धा तास धरून चालायचं.

आणि बॅग मागे राहिली तर? माझी एकदा राहिली. अहमदाबादला उतरले, बेल्ट रिकामा फिरून थांबला, बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलवर आली. कपड्यांचं काही नाही, आदल्या दिवशीचे चालतात. पण सेफ्टी शूज त्या बॅगेत होते. प्लांटवाले पाहुण्यांसाठी बूट ठेवतात, पण ते पुरुषांच्या मापाचे. माझं माप चार, मिळाले आठ नंबरचे. दोन जाड मोजे घालून, पुढे टिश्यू कोंबून रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर जाळीच्या लोखंडी जिन्याने चढले. प्रत्येक पायरीला टाच बुटातून सुटत होती आणि खाली दोन मजले दिसत होते. सुरक्षेसाठी घातलेल्या बुटांमुळेच पडायची भीती, आणि त्या अवस्थेत मी लोकांच्या सुरक्षेचं ऑडिट करत होते. याची मला आजही चुटपुट आहे.

तेव्हापासून सेफ्टी शूज पायातच. ते जवळजवळ किलोभर वजन बॅगेतून जातं, म्हणून तर सॅक ५.९ वर राहते. पुढे स्टीलची टोपी असल्याने ते मेटल डिटेक्टरला वाजतात, म्हणून रांगेत असतानाच नाड्या सैल करते आणि बूट ट्रेमध्ये ठेवते. हॉटेलसाठी पातळ चपला सॅकच्या तळाशी.

मग घ्यावी कुठली

दोन रात्रींपर्यंत आणि परत संध्याकाळी येणार असाल तर सॅक, यात मला शंका नाही. तीन रात्री, ग्राहकासमोर ब्लेझर किंवा साडी, आणि दोन्ही बाजूंना कंपनीची टॅक्सी असेल तर ट्रॉली. साडी तिच्यात सपाट राहते, सॅकमध्ये चुरगळते. अवजारं किंवा नमुने असतील तर चेक-इन, पण एक जोडी कपडे, औषधं आणि ज्याच्याशिवाय काम अडेल अशी वस्तू हातात ठेवून.

सॅकचे तोटेही सांगायला हवेत. मे महिन्यात पाठ भिजते, कुर्त्याच्या खांद्यावर पट्ट्यांच्या सुरकुत्या पडतात. म्हणून प्रवासाचा कुर्ता वेगळा आणि मीटिंगचा वेगळा. स्वस्त सॅकला कमरेचा पट्टा नसतो, त्यामुळे सहा किलो पूर्ण खांद्यांवर येतं. कमरेचा आणि छातीचा पट्टा असलेली, पूर्ण उघडणारी, ३० ते ३५ लिटरची घ्या. ४५ लिटरची घेतलीत तर ती भरावीशी वाटणार आणि सीटखाली जाणार नाही. ट्रॉली घेणार असाल तर चाकं आणि मूठ धरून मोजा. कित्येकदा लेबलवरचं माप नुसत्या पेटीचं असतं.

गोखले रोडला बॅग बघायला जाल तेव्हा घरचा लॅपटॉप, चार्जर आणि दोन जाड पुस्तकं बरोबर न्या. रिकामी सॅक पाठीवर प्रत्येकाला छानच बसते. ते सगळं आत भरून दुकानात पाच मिनिटं उभं राहा, एकदा पोटाशी घेऊन बघा, मग एका हाताने वरचा कप्पा उघडून लॅपटॉप काढून बघा. चेन दुसऱ्या हाताशिवाय उघडत नसेल तर ती परत द्या आणि पुढची मागा.