मिरज–लातूर पाण्याची गाडी: जरा उशिराचा अभिप्राय

हल्ली झाडू मागवला तरी तारे द्या म्हणून मागे लागतात. मग जिच्यावर 2016 चा उन्हाळा काढला त्या सेवेला का नकोत? सेवेचं नाव जलदूत. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी.

मी क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवते. त्या साली चाळीस ताटं होती. मांजरा धरण कोरडं, गल्लीत टँकर आठ दिवसांनी, घरटी 200 लिटर. ताटं बंद करून पत्रावळ्या आणल्या. भात कमी केला, भाकरी वाढवली. तांदूळ धुवायला पाणी जातं, भाकरीला पीठ मळण्यापुरतं लागतं. पोरं कुरकुरली, मग गावी गेली.

गाडीच्या आधी आमच्यापर्यंत पोचली ती जमावबंदी. मार्चमध्ये कलम 144 लागलं (आता नव्या संहितेत ते 163 झालंय): टाक्या आणि टँकर भरायच्या जागा मिळून वीसेक ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत, 31 मेपर्यंत. मी आदेशाला सरसकट नावं ठेवणार नाही. हंड्यावरून झालेली झोंबाझोंबी मी बघितलीय, पोलीस उभा राहिल्यावर ती थांबली हेही बघितलंय. पण रांगेतल्या सहाव्या बाईनं जायचं कुठं? विचारलं तर हवालदार म्हणाला, "काकू, माझ्याही घरी टँकर आला नाही."

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, 12 एप्रिलला पहाटे, गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेलाच्या वाघिणी कोट्याला वाफेनं धुऊन आणल्यात असं ऐकलं होतं, म्हणून पहिली घागर मी नाक लावून हुंगली. वास नव्हता. आमच्या बोरचं पाणी असं की डाळ दोन तास शिजवली तरी दाणा दाताखाली येतो. टँकरवाला म्हणाला हे मिरजेचं, त्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांत लोणी झाली. कृष्णामाईला पैकीच्या पैकी.

प्रमाण मात्र बघा. शहर चार लाखांच्या घरातलं, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढं वाघिणी पन्नास झाल्या, 25 लाख लिटर, माणशी सहा. प्यायचं भागलं, खानावळीचं नाही. तरी रांगेतली भांडणं कमी झाली. उद्या गाडी येणार हे ठाऊक असलं की बाई आज शेजारणीचा हंडा सरकवत नाही.

तोटा एकच, पण मोठा. स्टेशनाजवळच्या विहिरीत पाणी उतरवायचं, मग शुद्धीकरण, मग टँकर, मग आमची गल्ली. 342 किलोमीटर नीट आलेलं पाणी शेवटच्या दोन किलोमीटरांत आटायचं. आमच्याकडचा टँकर पाऊण भरलेला यायचा आणि कुणी बोललं की ड्रायव्हर रागवायचा.

टीव्हीवर देशाच्या सुरक्षेची चर्चा लागली की सीमा दाखवतात. पाण्याचं काय? घटनेत तो राज्याचा विषय. दोन राज्यं भांडली की लवाद, दोन बाया भांडल्या की हवालदार. मधल्या जागेवर पहारा कुणाचाच नाही: पावसाळा संपताना धरणात किती उरलंय, त्यातलं प्यायला किती राखायचं, उसाला कधी नाही म्हणायचं. बंदी मार्चमध्ये माणसांवर घातली, ती आदल्या ऑक्टोबरात उपशावर घालायला हवी होती. पोलीस, पाटबंधारे आणि जिल्हाधिकारी एका टेबलावर बसायचेच असतील, तर ते ऑक्टोबरात बसावेत, धरणाचा आकडा समोर ठेवून. दंगल होईल का, हे मार्चमध्ये विचारून काय उपयोग? चेन्नईलाही 2019 साली जोलारपेट्टईहून अशीच पन्नास वाघिणींची गाडी न्यावी लागली. सेवा चांगली आहे हो, पण तिची सवय लागू नये.

माझे तारे: पाण्याला पाच, पोचवण्याला तीन. जमावबंदीला दोन, आणि तेही हवालदार भला होता म्हणून.