डीव्हीडीस्टायलर: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

घरच्या व्हिडिओंच्या डीव्हीडी बनवायला गेले काही महिने डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर वापरतोय. त्याआधी पैसे भरून घेतलेलं एक सॉफ्टवेअर होतं, नाव नाही घेत, त्यात टेम्प्लेट म्हणाल तर ढीगभर, तरंगणारे फुगे काय, उलटणारी पानं काय, पण मुख्य कामाचं एकही सेटिंग हाताला लागायचं नाही. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) किती ते दाखवणार नाही, नुसतं 'उत्तम', 'चांगलं', 'साधारण' यातलं एक निवडा. आणि आधीच डीव्हीडीच्या मापात बसणारी एमपीईजी-२ फाइल दिली तरी ती पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने रूपांतर, करत बसायचं, म्हणजे वेळ गेला तो गेलाच वर चित्रही थोडं उतरायचं.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना मी आधी एवढंच बघतो, की तयार फाइल हात न लावता डिस्कमध्ये घालतं का. डीव्हीडीस्टायलरमध्ये व्हिडिओच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट 'कॉपी' ठेवला की काम झालं, अट एवढीच की फाइल नियमात हवी, पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६, एनटीएससी (अमेरिकेतली) असेल तर ७२० बाय ४८०, व्हिडिओचा बिटरेट ९.८ एमबीपीएसच्या आत आणि ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. कॉपी केलं की चॅप्टर अगदी नेमक्या फ्रेमवर पडत नाही, जवळच्या आय-फ्रेमवर (पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) सरकतो, पण पालमध्ये तो फरक फार तर १५ फ्रेमचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर, घरच्या व्हिडिओत कोणाला कळतंय.

आता बिटरेट, कारण सगळी गंमत तिथेच आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं (कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो, घाबरू नका). तासाभराचा व्हिडिओ असेल तर निवांत ८ एमबीपीएस ठेवा, दोन तासांना ऑडिओ धरून ५ च्या आसपास येतं, तीन तास कोंबले तर साडेतीनच्याही खाली जातं आणि मग चौकोन दिसायला लागतात, त्यातून घरचं शूटिंग म्हणजे हातात कॅमेरा, अंधारा हॉल, इकडून तिकडे पळणारी पोरं, हलतं आणि दाणेदार चित्र बिट खातं. अशा वेळी आधी ऑडिओ बघा, पीसीएम (न दाबलेला) स्टिरिओ एकटाच दीड एमबीपीएस घेतो, एसी-३ (दाबलेला) केला की २०० केबीपीएसच्या आसपास भागतं, उरलेलं सगळं चित्राला. ऑटो बिटरेट ठेवला तर हे सॉफ्टवेअर डिस्कमध्ये मावेल तसा आकडा स्वतः काढतं, आणि मुख्य म्हणजे तो आपल्याला दिसतो.

फील्ड ऑर्डरकडे बहुतेक जण बघतच नाहीत, म्हणजे इंटरलेस्ड व्हिडिओत फ्रेमच्या ओळी एकाआड एक अशा दोन भागांत (फील्डमध्ये) येतात, त्यातला आधी कोणता ते. मिनीडीव्ही टेपवरचं फुटेज खालचं फील्ड आधी असं असतं, एचडी कॅमेऱ्याचं इंटरलेस्ड फुटेज वरचं आधी. हे उलटं झालं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र थरथरतं, आणि कॉम्प्युटरवर बघताना ते कित्येकदा लक्षातही येत नाही, म्हणून आधी आरडब्ल्यू (पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या) डिस्कवर काढून खऱ्या प्लेअरला लावून बघायचं, मगच पक्की डिस्क.

मेन्यूचं म्हणाल तर तयार डिझाइनं मला फारशी आवडली नाहीत, पण आपलं चित्र मागे टाकता येतं हे पुरेसं आहे. देवनागरी नावं मी चित्रातच लिहून घेतो आणि वर नुसती बटणं ठेवतो, जोडाक्षरांची काळजीच नाही. बटणं अगदी कडेला नकोत, जुना टीव्ही कडा कापतो. प्रत्येक व्हिडिओ संपल्यावर काय व्हायचं, मेन्यूत परत की पुढचा व्हिडिओ, हे कमांडने ठरवता येतं आणि मला तरी हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो, कारण आजीच्या हातात रिमोट असतो तेव्हा व्हिडिओ संपून काळा पडदा येऊन चालत नाही.

एडिटिंगची अपेक्षा ठेवू नका, कापाकापी दुसरीकडे करूनच इथे या. मेन्यूची फारशी हौस नसेल तर डीव्हीडी फ्लिक आहे, सोपं आहे, पण त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची. या क्षेत्रात तसं नवीन काही येतच नाही म्हणा, अडोबी एन्कोर सीएस६ नंतर थांबलं, विंडोजमधला डीव्हीडी मेकर विंडोज ८ पासून गेला.

बर्न मी यातून करत नाही, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) बनवून घेतो आणि इमेजबर्न या सॉफ्टवेअरने डिस्क काढतो, म्हणजे पुढे आणखी प्रती लागल्या तर पुन्हा एन्कोडिंगला बसायला नको.

अजून एक, प्रोजेक्टची फाइल साधी एक्सएमएल, म्हणजे वाचता येईल अशा मजकुराची, असते. व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले आणि प्रोजेक्टला सापडेनासे झाले तर फाइलची एक कॉपी ठेवून ती नोटपॅडमध्ये उघडा, फाइंड-रिप्लेसने जुना पाथ बदलून सेव्ह करा, सगळं पुन्हा जोडत बसावं लागत नाही.