काउंटर खाली आलं, आवाज मात्र वर गेला: नव्या शाखेचा आठ महिन्यांचा अनुभव

तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेची शाखा गेल्या ऑक्टोबरात नव्या रूपात सुरू झाली. जाळी गेली, खिडकीत वाकून ओरडणं गेलं. सगळ्यात मोलाचा बदल काउंटरचा. उंची आता ७५० मिलिमीटर, खाली गुडघे जातील एवढी पोकळी, समोर खुर्ची. व्हीलचेअरवरचा खातेदार थेट टेबलाशी येतो, आजी बसून निवांत सही करतात. एवढ्या एका गोष्टीसाठी बँकेचं मनापासून कौतुक.

पण ‘‘आजी, बाकी बारा हजार चारशे आहे’’ हे आता रांगेतल्या चौथ्या माणसालाही ऐकू जातं. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, समोर काच, वर सपाट पीओपी. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. छताला मिनरल फायबरच्या टाइल आणि दोन काउंटरांमध्ये बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जाईल असं कापडी पार्टिशन, एवढं तरी तातडीने हवं.

दर्शनी काचेचं आकर्षण जुनं आहे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट या बँकेने १९५४ मध्ये काचेची शाखा उघडली, तिजोरीचं दारसुद्धा रस्त्यावरून दिसायचं. आपल्या शाखेची काच पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर टोकनच्या स्क्रीनवरचे आकडे वाचता येत नाहीत. आतून पडदे ओढले तरी ऊन काचेतून आत शिरलेलंच असतं, त्यामुळे एसी दमतो. मावळतीचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला पुरत नाही. बाहेरून उभे लूव्हर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या, लावाव्या लागतील.

रॅम्पचं गणित बरोबर आहे: दीड फूट जोतं, १८ फूट लांबी, म्हणजे १:१२, एक फूट चढाला बारा फूट लांबी. फक्त त्यावर पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवलाय. पावसात पाय सटकतो. तिथे फ्लेम फिनिशच, म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेला ग्रॅनाइटच हवा.

सोफे दिसायला छान, पण बुटके. गुडघेदुखीवाले बसतच नाहीत, उभे राहतात. दीड फूट उंचीच्या, हातांच्या खुर्च्या ठेवा.

पासबुकाचं मशीन उत्तम, मात्र बारकोडचा स्टिकर चुरगळला की पासबुक बाहेर ढकलतं. शेवटी छापलेलं पान उघडूनच घालावं.

टोकन मशीनवर ‘रोख’, ‘चेक’, ‘इतर’ अशी तीनच बटणं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आलेले पेन्शनर ‘इतर’ दाबून कर्जाच्या चौकशीवाल्यांमागे तासभर अडकले. ‘पेन्शन’ असं चौथं बटण पुढच्या नोव्हेंबरआधी टाका.