वाचनालयाच्या ऑनलाइन कार्यक्रमांसाठी झूम घ्यावे की मीट : एका कार्यवाहाचे परीक्षण

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सॉफ्टवेअरची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुतेक कचेऱ्यांच्या बैठका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. कचेरीतली माणसे नेमाने येतात, त्यांना संगणक कंपनीने दिलेला असतो आणि अडचण आली तर मदतीला वेगळा विभाग असतो. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानाला मात्र जो श्रोता येतो, तो बहुधा साठीच्या पुढचा असतो, फोन नातवाने लावून दिलेला असतो, दिवसाचा डेटा मोजका असतो आणि लिंक त्याला तिसऱ्याच व्हॉट्सॲप गटातून मिळालेली असते. या श्रोत्याला आत कसे येता येते, वक्त्याचे बोलणे नीट ऐकू येते का आणि कार्यक्रम पार पडल्यावर संस्थेच्या हाती काय राहते, या कसोट्यांवर मी झूम, गूगल मीट आणि त्यांच्या जोडीची काही सॉफ्टवेअरे पाहिली आहेत. माझे मत आधीच सांगतो: व्याख्यानमालेच्या महिन्यापुरते झूमचे सशुल्क खाते घ्यावे, वर्षभराच्या छोट्या कार्यक्रमांना मोफत मीट पुरते आणि वेबिनार नावाच्या महागड्या सोयीच्या वाटेला वाचनालयाने सहसा जाऊ नये.

झूमच्या मोफत खात्यात शंभर माणसे येऊ शकतात, पण बैठक ४० मिनिटांत बंद होते. आपल्याकडच्या कार्यक्रमाची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मर्यादेचा अर्थ वेगळा सांगायला नको. सरस्वतीपूजन, अध्यक्षांचे प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि देणगीदारांचा उल्लेख एवढे उरकेपर्यंत निम्मा वेळ संपलेला असतो, आणि वक्ते विषयाच्या गाभ्याशी येतात त्याच सुमारास पडदा बंद होण्याची वेळ येते. पुन्हा त्याच लिंकवरून या, असे सांगता येते, परंतु बाहेर पडलेल्यांपैकी सगळे परत येत नाहीत. गूगल मीटच्या मोफत खात्यातही शंभरच माणसांची सोय आहे, मात्र तिघे किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटे मिळतात. महिन्यातून एकदा जमणाऱ्या वाचक कट्ट्याला, नव्या पुस्तकांच्या परिचयाला किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी होणाऱ्या छोट्या अभिवाचनाला तासभर पुरेसा असतो, आणि प्रास्ताविकाला कात्री लागते हा फायदा वेगळाच. प्रश्नोत्तरांसह दीड तास चालणाऱ्या व्याख्यानाला मात्र दोन्हींपैकी कोणतेच मोफत खाते उपयोगाचे नाही. झूमचे ‘प्रो’ नावाचे सशुल्क खाते घेतले की एका बैठकीची मर्यादा ३० तासांवर जाते; शंभर माणसांची अट तशीच राहते, आणि आमच्या अनुभवाने ती क्वचितच आड येते.

प्रवेशाच्या बाबतीत मीट सरस आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलचे खाते बहुधा आधीच असते, २०२२ मध्ये गूगलचेच व्हिडिओ कॉलचे ॲप ड्युओ आणि मीट एकत्र झाल्यापासून पुष्कळ फोनांवर हे ॲप आलेलेच असते, आणि फोनची भाषा मराठी ठेवलेली असेल तर मीटही मराठीत बोलते. झूममध्ये श्रोत्याला खाते काढावे लागत नाही ही सोय खरी, पण फोनवर बहुधा ॲप उतरवून घ्यावे लागते, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. ज्या सभासदाने आयुष्यभर मराठी पुस्तकेच वाचली, त्याच्यापुढे ‘जॉइन ऑडिओ’ अशी इंग्रजी पाटी येते, ती न समजल्यामुळे तो आवाजाविनाच बसून राहतो आणि मग सूत्रसंचालकाला फोन करतो. म्हणून निमंत्रणाच्या खाली, कोणत्या पाटीवर बोट ठेवायचे त्याचे चित्र काढून पाठवणे हा कार्यक्रमाच्या तयारीचाच भाग समजावा.

दारावरच्या व्यवस्थेत झूम पुढे जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा दिला होता आणि सरकारी कामासाठी ते वापरू नये असे सांगितले होते. त्याची आठवण आजही एखादा विश्वस्त काढतो. त्याच महिन्यात झूमने पासकोड आणि वेटिंग रूम (आत घेईपर्यंत लोकांना थांबवून ठेवण्याची जागा) मुळातूनच चालू ठेवण्यास सुरुवात केली. वाचनालयाचे व्याख्यान मुळात सर्वांसाठी खुले असल्यामुळे ते कोणी चोरून ऐकेल ही आपली चिंता नाही. आगंतुकाने मध्येच पडदा ताब्यात घेऊ नये, एवढीच आपली गरज आहे. त्यासाठी श्रोत्यांना पडदा दाखवण्याचा आणि स्वतःहून माइक उघडण्याचा अधिकार बंद ठेवला की काम भागते. वेटिंग रूमचा मात्र एक मजेदार त्रास आहे: तिथे माणसांच्या नावांऐवजी फोनच्या मॉडेलांची नावे ओळीने उभी असतात, आणि जुने आजीव सभासद कोण व अनोळखी कोण हे होस्टला, म्हणजे बैठक चालवणाऱ्याला, कळत नाही. पाहुण्यांचा परिचय चालू असताना एका माणसाने हेच काम करत बसावे लागते. प्रो खात्यात सहहोस्ट नेमता येतात, हे त्या खात्याचे पैसे भरण्याचे माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण आहे. एकाने दार सांभाळावे, एकाने चॅटमधले प्रश्न निवडावेत, आणि होस्टच्या घरची वीज गेली तरी सभा दुसऱ्याच्या हाती चालू राहावी.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि कार्यक्रम बिघडतो तो त्यामुळेच. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप दाबते. पंख्याची घरघर आणि गल्लीतला भोंगा यांच्यासाठी ते उत्तम आहे. पण एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे ते यंत्र समजत असल्याने, काव्यगायनात किंवा कीर्तनात तंबोऱ्याचा सूर गोंगाटात जमा होतो, टाळ अर्धवट ऐकू येतात आणि तबल्याची आस तुटते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती आधी उघडावी लागते आणि मग सभेतही चालू करावी लागते. संगीताचा कार्यक्रम असेल तर गायकाच्या संगणकावर हे आदल्या दिवशी करून पाहिल्याशिवाय निमंत्रणे पाठवू नयेत. चित्रफीत दाखवताना ‘शेअर साउंड’ची खूण राहून गेली, तर मूकपट पाहावा लागतो. सर्वांनी मिळून पसायदान म्हणण्याची आपली रीत तर या माध्यमाला मुळीच झेपत नाही. प्रत्येकाचा आवाज थोड्याफार विलंबाने पोहोचतो, त्यातच सॉफ्टवेअर एका वेळी एखादाच आवाज पुढे काढून बाकीचे दाबते, आणि ज्ञानेश्वरांच्या ओळी एकमेकींच्या पायांत अडखळतात. एकाने म्हणावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावे, हाच मार्ग आहे. हा दोष कोणत्या एका कंपनीचा नाही. मीटमध्येही तेच होते.

हल्ली आम्ही बरेचसे कार्यक्रम दुहेरी करतो, म्हणजे काही श्रोते वाचनालयाच्या सभागृहात आणि काही घरी. स्मार्टफोन नसलेल्या सभासदांना यातून वगळले जात नाही, म्हणून ही पद्धत मला न्यायाची वाटते, पण सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच होते. सभागृहात एकच संगणक बैठकीला जोडलेला असावा आणि आवाजाची ये-जा त्याच्याकडूनच व्हावी. उत्साहाने कोणी समोरच्या रांगेत फोनवर तीच लिंक उघडली, की कर्णे किंचाळू लागतात. वक्त्याला कॉलर माइक द्यावा आणि सभागृहातील श्रोत्याचा प्रश्न सूत्रसंचालकाने माइकवर पुन्हा सांगावा, नाहीतर घरच्या मंडळींना प्रश्न न ऐकताच उत्तर ऐकावे लागते. संगणकाचा अंगचा माइक दहा फुटांवरच्या वक्त्यासाठी बनलेला नाही, आणि कितीही महाग खाते घेतले तरी ही उणीव भरून निघत नाही. खर्चाची निवड करायची वेळ आली, तर मी आधी चांगला माइक घेईन.

वेबिनार ही झूमची वेगळी, वरचे पैसे मोजून घ्यावयाची सोय आहे. तिच्यात श्रोते एकमेकांना दिसत नाहीत, त्यांचे माइक बंदच असतात आणि प्रश्न लिहून विचारायचे असतात. विक्रेते ती मोठ्या अगत्याने सुचवतात. परंतु व्याख्यानाच्या आधी दहा मिनिटे लवकर येऊन ‘आवाज येतोय का?’ म्हणत एकमेकांची विचारपूस करणे हाच वाचनालयाच्या श्रोत्यांचा अर्धा आनंद असतो, आणि वेबिनार नेमका तोच काढून घेतो. श्रोते शंभरांच्या पुढे जाण्याचा संभव असेल, तर साधी बैठक ठेवून ती प्रो खात्यातून यूट्यूबवर थेट दाखवणे अधिक स्वस्त आणि सोयीचे आहे. सामूहिक व्हिडिओ बैठकीला झूमच्या हिशेबाने तासाला सुमारे ८०० एमबीपासून पुढे डेटा लागतो, तर यूट्यूबवर चित्राची प्रत खाली आणून त्याच्या कितीतरी कमी डेटात व्याख्यान ऐकता येते. यूट्यूबचे चित्र काही सेकंद मागे असते, म्हणून तिथल्या श्रोत्यांचे प्रश्न थोडे आधीच मागवून घ्यावेत. नव्या वाहिनीवर थेट प्रसारणाची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हे उद्घाटनाच्या दिवशी सकाळी कळून उपयोग नाही.

जित्सी मीट हे मुक्त स्रोत, म्हणजे मूळ संहिता सर्वांना खुली असलेले, सॉफ्टवेअर तत्त्वाच्या दृष्टीने ग्रंथालयांना सर्वांत जवळचे आहे, आणि त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर ४० किंवा ६० मिनिटांची टांगती तलवार नाही. ऑगस्ट २०२३ पासून तिथे बैठक उघडणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकच्या खात्याने ओळख द्यावी लागते; बाकीचे तसेच येऊ शकतात. पाच-सात जणांच्या कार्यकारिणीच्या सभेला ते छान चालते, पण पुष्कळ कॅमेरे सुरू झाले की चित्र आणि आवाज दोन्ही डगमगतात. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात जन्मलेले बिगब्लूबटन फळ्यासकट वर्गासाठी उत्तम आहे. मात्र त्याला स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, तेव्हा ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी पाहावे.

परगावचे आणि परदेशातील वक्ते व श्रोते मिळणे हा या सगळ्या खटाटोपाचा मोठा लाभ आहे. पणजीचे कवी किंवा न्यू जर्सीतील कथालेखिका आमच्या सभागृहात प्रवासखर्च देऊन आणणे आम्हाला परवडले नसते. आम्ही वेळ सायंकाळी साडेसहाची ठेवतो. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, लंडनला दुपार असते, आणि इथले सभासद रात्रीच्या जेवणापर्यंत मोकळे होतात.

मुद्रणाच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या, बाबतीत झूमच्या मोफत खात्यातही संगणकावर मुद्रण करता येते, फोनवरून मात्र नाही. मीटच्या मोफत खात्यात मुद्रणच नाही. सभा संपल्यावर झूम त्या मुद्रणाची फाईल तयार करायला बराच वेळ घेते, त्यामुळे आभारप्रदर्शन होताच संगणक मिटून घरी जाऊ नये. फेसबुकवर थेट दाखवलेले कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ पासून ३० दिवसांनी काढून टाकले जातात, हे लक्षात घेऊन व्याख्याने जतन करायची ती अन्यत्र करावीत. अभिवाचनाचे मुद्रण कायमचे प्रसिद्ध करण्यापूर्वी स्वामित्वहक्काचा विचार व्हावा. भारतात तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि सभेत काही उतारे वाचणे वेगळे, अख्खी कथा वाचून इंटरनेटवर ठेवणे वेगळे. मुलांच्या गोष्टींच्या तासाचे मुद्रण आम्ही करतच नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे; शिवाय, कॅमेऱ्याची जाणीव झालेली मुले गोष्ट ऐकायची सोडून स्वतःकडेच पाहत बसतात.

प्रो खात्याची नोंदणीची सोय आणि सभेनंतर मिळणारी सहभागींची यादी वार्षिक अहवाल लिहिताना फार उपयोगी पडते. कोण किती वेळ होते हेही तिच्यात असते, ते मात्र वक्त्यांना दाखवू नये. आता पैशांविषयी. वर्षाची वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसते, पण ज्या वाचनालयाची व्याख्यानमाला वर्षातून एकदाच होते, त्याने एका महिन्याची घेऊन आपोआप होणारे नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावे. घेतलेला महिना तरीही पुरा मिळतो. खरी अडचण देयकाची आहे. वाचनालयाचे बँक खाते दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीने चालते आणि त्यावर क्रेडिट कार्ड नसते, म्हणून कोणी तरी स्वतःच्या कार्डाने पैसे भरतो आणि बिल त्याच्याच नावाने येते. लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवणारच. खाते संस्थेच्या ई-मेलवर काढावे, बिलावरचे नाव व पत्ता पैसे भरण्यापूर्वीच संस्थेचा घालावा, आणि कार्ड कोणाचे वापरले व रक्कम त्याला परत कशी द्यायची याचा ठराव कार्यकारिणीच्या आधीच्या सभेत मंजूर करून घ्यावा.