झिकोचे गोव्यातले तीन हंगाम: गोल भरपूर, शेवटची दहा मिनिटं कच्ची

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि एफसी गोवा चेन्नईयनविरुद्ध २-१ असा पुढे गेला. बाकावर गोव्याचा प्रशिक्षक, ब्राझीलचा माजी खेळाडू झिको, म्हणजे सरावात गोलच्या वरच्या कोपऱ्याला शर्ट टांगून त्यावर चेंडू मारत फ्री किक घोटवलेला माणूस. करंडक हातात आल्यासारखाच होता. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीकडून स्वयंगोल झाला, दोन मिनिटांत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा मारला, आणि सामना ३-२ ने गेला. त्याच सामन्यात कट्टीमणीने पेनल्टीही अडवली होती, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

प्रशिक्षक म्हणून झिकोने गोव्याला काय दिलं, हे पाहायचं तर या पाच मिनिटांपासूनच सुरुवात करावी लागते. खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल वाद नाही. १९८१ मध्ये टोकियोत लिव्हरपूलला ३-० ने हरवणारा ब्राझीलचा फ्लामेंगो क्लब त्याच्याभोवती फिरत होता. १९८३-८४ मध्ये उदिनेसेसारख्या लहान क्लबकडून इटलीच्या लीगमध्ये त्याने १९ गोल केले. पण प्रशिक्षक घेताना हा वारसा बाजूला ठेवून त्याचे आकडेच बघावेत.

२०१४: १४ साखळी सामन्यांत २१ गोल केले, १२ खाल्ले, २२ गुणांसह दुसरा क्रमांक. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने ०-० आणि पेनल्टीवर हार. २०१५: २९ केले, २० खाल्ले, २५ गुणांसह पहिला क्रमांक. २०१६: १५ केले, २५ खाल्ले, १४ गुण आणि तळाचं आठवं स्थान. खाल्लेले गोल तेवढे वाचा: १२, २०, २५. उतरण पहिल्या वर्षानंतरच लागली होती, २०१५ मध्ये ती गोलांच्या पावसात झाकली गेली.

त्या वर्षीचा खेळ मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. १७ नोव्हेंबरला मुंबई सिटीला ७-० ने लोळवलं, त्यात डूडू आणि हाओकिप या दोघांच्याही हॅटट्रिक. उजवीकडून लेओ मौरा, डावीकडे मंदार राव देसाई, मध्ये जोफ्रे. किंमत मोजली ती मागच्या फळीने. दोन्ही बगलांवरचे खेळाडू पुढे चढले की मागे मोकळं रान उरतं, आणि तिथे ३७ वर्षांच्या लूसियोला पळावं लागतं. विश्वविजेत्या बचावपटूला चेंडू कुठे पडणार हे आधी कळतं, तरी मेंडोझासारख्या वेगवान आघाडीवीरामागे तिथवर पोचायला पाय हवेत. लीगमध्ये तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालायचे. पहिल्या वर्षी गोलमध्ये यान शेडा आणि त्याच्यापुढे बचावपटू आर्नोलिन असा कणा होता. पुढे आर्नोलिन राहिला, शेडा गेला आणि संघाचा कल आक्रमणाकडे झुकला.

हा निव्वळ गोव्याचा योगायोग म्हणता येत नाही. १२ जून २००६ ला कायझर्सलाउटर्नमध्ये झिकोचा जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध २६व्या मिनिटापासून १-० ने पुढे होता. ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक हिडिंकने एकामागून एक उंच, ताकदीचे खेळाडू उतरवले. झिकोने ७९व्या मिनिटाला आघाडीवीर यानागिसावाला बाहेर काढून ओनोला घेतलं. ओनो चेंडू राखणारा मध्यरक्षक. हेतू कळतो: चेंडू आपल्याकडे ठेवला तर बचावाची वेळच येणार नाही. पण समोरचा संघ लांब, उंच चेंडू टाकत असताना हवेत डोकं लावणारा माणूस हवा होता. ८४व्या आणि ८९व्या मिनिटाला केहिल, भरपाई वेळेत अलोइसी. १-३.

खेळाडूंना मोकळीक हे झिकोचं तत्त्व आहे आणि ते फळतंही. २००४ च्या आशिया चषकात बहरीनविरुद्ध दहा जणांनी खेळताना जपानच्या नाकाझावाने ९०व्या मिनिटाला बरोबरी साधली, जादा वेळेत ४-३ ने सामना काढला आणि पुढे चीनला ३-१ ने हरवून चषक जिंकला. फेनरबाचेला त्याने २००७ मध्ये तुर्की लीग जिंकून दिली आणि पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. म्हणजे मागे पडल्यावर त्याचा संघ जीव तोडून खेळतो. अडचण पुढे असताना येते.

गोव्यासाठी सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच होती: स्थानिक पोरांना मिळालेला मैदानावरचा वेळ. रोमिओ फर्नांडिस आणि मंदार यांना पहिल्याच वर्षी बगलेवर उभं केलं आणि चेंडू गमावला तरी पुन्हा त्यांच्याकडेच दिला. रोमिओ पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे उसनवारीवर गेला. अशी संधी तोवर आपल्या पोरांच्या स्वप्नातही नव्हती.

असा प्रशिक्षक घेणाऱ्या क्लबने दोन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. बचावाचा सराव घेणारा सहायक वेगळा हवा, आणि आघाडी असताना शेवटच्या १० मिनिटांत कोण बाहेर, कोण आत, कॉर्नरला पहिल्या खांबावर कोण, हे सरावात ठरलेलं हवं. परदेशी जागा भरताना गोलरक्षक आणि मधला बचावपटू आधी, दहा नंबर, म्हणजे आक्रमण रचणारा मध्यरक्षक, नंतर. तेव्हाच्या १४ सामन्यांच्या, अडीच महिन्यांच्या हंगामात चूक सुधारायला वेळच नसायचा. २०१६ ला नेमकं तेच झालं.

१ डिसेंबर २०१६ चा त्याचा गोव्यातला शेवटचा सामना जरूर शोधून पाहा. पुन्हा फातोर्डा, पुन्हा चेन्नईयन, संघ तळाला आणि हातात काहीच उरलेलं नाही. चार गोल खाल्ले, पाच मारले, आणि पाचवा भरपाई वेळेत गोव्याच्याच साहिल तवोराने.